एकोणसत्तर टक्के

गणपतीला नातू पुण्याहून आला तो तोंड पाडूनच. रात्रीच्या बसनं आलेलं पोर, दमलं असेल म्हणून मी काही विचारलं नाही. पण दुपारी समोर कुंद्याची वाटी ठेवली तरी त्याचं लक्ष मोबाईलमध्येच. दर दहा मिनिटांनी फोन उघडायचा, काहीतरी बघायचं आणि पालथा घालून ठेवायचा. शेवटी आजीनं विचारलं, "कुणाच्या निरोपाची वाट बघतोयस रे?" आम्हा दोघांच्या मनात एकच आलं होतं. वयच तसं आहे त्याचं.

"निरोप नाही आजी. टक्के बघतोय."

"कसले टक्के? परीक्षा संपून तीन वर्षं झाली की तुझी!"

"माझे नाहीत. गेमचे."

आमचा हा नातू, मुलीचा मुलगा, पुण्यात एका लहानशा कंपनीत व्हिडिओ गेम तयार करण्याच्या कामाला आहे. कंपनी म्हणजे नऊ माणसं आणि एक भाड्याचा फ्लॅट. नव्वदच्या सुमाराला त्याच्या मामानं टीव्हीला जोडायचा तो डबा हट्टानं आणवला होता, तेव्हा परीक्षा जवळ आल्यावर मी तो माळ्यावर टाकला होता. आता त्याच धंद्यावर भाच्याचं पोट चाललंय, त्यामुळे मी ह्या विषयावर घरात जपूनच बोलतो. खेळातली माणसं कुणी दुसरा चितारतो, त्यांच्या हालचाली तिसरा करतो. आमच्या पोराकडे आवाज. दार करकरणं, पावलं, वारा, पाऊस. त्यांचा पहिला मोठा खेळ श्रावणात विक्रीला आला होता आणि त्याचा निकाल लागत होता.

निकाल कसा लागतो ते त्यानं मला समजावून सांगितलं. स्टीम नावाचं संगणकावरच्या खेळांचं एक अवाढव्य दुकान आहे. दुकान अमेरिकेतलं, गिऱ्हाईक जगभरचं. ज्यानं खेळ घेतला तो अंगठा वर करतो नाहीतर खाली, आणि सोबत शेरा लिहितो. निदान दहा शेरे जमेपर्यंत दुकान गप्प बसतं. मग शंभरातले किती अंगठे वर हे मोजून खेळाच्या नावाखाली एक शब्द टाकतं. सत्तर किंवा वर गेलात तर निळ्या अक्षरांत 'बहुतांशी चांगला'. सत्तरच्या खाली आलात की मातकट अक्षरांत 'संमिश्र'. ह्यांचा खेळ एकोणसत्तरवर अडकला होता. पुढच्या खेळात पैसे घालणारे लोक आधी तो शब्द बघतात, असं मालकानं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

सीमाभागात जन्म गेलेल्या माणसाला टक्क्यांची ताकद कुणी शिकवायला नको. कुठल्या गावात कुठली भाषा बोलणारे किती टक्के, ह्यावर इथे पिढ्या भांडल्या. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आमच्या वडिलांना जवळजवळ पाठ होता. गाव तेच, विहीर तीच, सकाळी मराठीत भांडणारी आणि संध्याकाळी कानडीत समेट करणारी माणसंही तीच. पण आकडा जरा इकडचा तिकडे झाला की सगळंच बदलतं. तेव्हा एका टक्क्यासाठी कासावीस झालेलं पोर मला लगेच समजलं. आजीला समजलं नाही. ती म्हणाली, "एकोणसत्तर म्हणजे फर्स्ट क्लास की!"

आणि गंमत म्हणजे ह्या फर्स्ट क्लासचंही एक प्रकरण निघालं. पुढचे तीन दिवस, आरती झाली की पोरगं मला ह्या गुण देण्याघेण्याच्या कथा सांगत बसलं. मला त्यात रस होता, कारण उभा जन्म मी तेच केलं. शाळेत मराठीचे पेपर तपासले, इथल्या एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहिली, आणि एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून खुर्ची उबवली. खेळांचीही परीक्षणं असतात, त्यांनाही परीक्षक असतात आणि त्यांच्यावरही लोक तसेच चिडतात, हे कळल्यावर मला आपली जात सापडल्यासारखं झालं.

इंग्लंडात लडलो नावाचं एक लहान गाव आहे. तिथून १९८४ साली 'क्रॅश' नावाचं मासिक निघालं. खेळ तपासायला त्यांनी गावातल्या शाळेतली पोरं बसवली. पोरं यायची, खेळायची आणि मत द्यायची. मासिक ते टक्क्यांत छापायचं. मला ही कल्पना फार आवडली. बालनाट्याला परीक्षक म्हणून आम्ही तीन टकले बसायचो, त्यापेक्षा हे बरं. जपानात 'फामित्सू' म्हणून नियतकालिक आहे, १९८६ सालचं. त्यांची पद्धत तर थेट आपल्या नाट्यस्पर्धेची. चार परीक्षक, प्रत्येकाच्या हातात दहा गुण, आणि बेरीज चाळीसपैकी. पैकीच्या पैकी चाळीस मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं. ते झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' ह्या खेळाला मिळाले. ऑकारिना म्हणजे मातीची फुंकवाद्याची एक जात. ती वाजवून त्या खेळात पाऊस पाडता येतो, असं नातू म्हणाला. म्हटलं, तानसेनाची गोष्ट आहे की ही.

खरा घोळ झाला तो २००१ पासून. मेटाक्रिटिक नावाचं एक ठिकाण सुरू झालं. जगभरच्या परीक्षकांनी दिलेले गुण ते गोळा करतं. कुणी दहापैकी दिलेले, कुणी तारे, कुणी अक्षरं. सगळ्यांचं शंभरात रूपांतर करून सरासरी काढतं. ती सरासरीही सरळ नाही. काही परीक्षकांच्या मताला वजन जास्त, काहींच्या कमी, आणि कुणाचं किती ते गुलदस्त्यात. मग आकड्याला रंग. आता आजीचा फर्स्ट क्लास ऐका. सिनेमाला एकसष्टच्या पुढे हिरवा रंग मिळतो. खेळाला तोच हिरवा रंग मिळायला पंचाहत्तर लागतात. सिनेमाला फर्स्ट क्लास पुरतो, खेळाला डिस्टिंक्शनच हवं! कारण विचारलं तर नातू म्हणाला, खेळांचे परीक्षक पूर्वीपासूनच हात सैल सोडतात. दहापैकी सात म्हणजे 'ठीक' आणि सहा म्हणजे 'वाया गेला'. तोंडी परीक्षेचे गुण आमच्या शाळेत असेच असायचे. वीसपैकी सोळा म्हणजे पोरगं उभंसुद्धा राहिलं नव्हतं.

ह्या आकड्यापायी काय काय होतं, त्यातली एक हकिगत मला रात्री झोपेत आठवत राहिली. 'फॉलआउट: न्यू वेगास' हा खेळ अमेरिकेतल्या ऑब्सिडियन कंपनीनं साधारण दीड वर्षात उभा केला. मोठं काम, थोडे दिवस. खेळ २०१० साली आला तेव्हा त्यात पुष्कळ चुका राहून गेलेल्या. मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी मिळाले तर बक्षिशी, असा प्रकाशकाशी करार होता. मिळाले चौऱ्याऐंशी. ही गोष्ट त्या खेळाच्या कर्त्यांपैकी ख्रिस अव्हेलोन ह्यांनी स्वतःच २०१२ साली जाहीर केली. आज त्या मालिकेतला सगळ्यात चांगला खेळ कोणता विचारलं तर पुष्कळ लोक ह्याचंच नाव घेतात, असं नातू सांगतो. पण ते आज.

परीक्षकांचीही धडगत नसते. २००७ साली जेफ गर्स्टमन नावाच्या परीक्षकानं गेमस्पॉटवर एका खेळाला दहापैकी सहा दिले, त्या वेळी त्याच खेळाच्या जाहिराती तिथे झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. दोन गोष्टींचा संबंध नाही असं तेव्हा सांगण्यात आलं; संबंध कसा होता ते त्यानं पाच वर्षांनी उघडपणे सांगितलं. आमच्या दैनिकातही नाटक कंपनीची जाहिरात आणि परीक्षण एकाच पानावर यायचं. मी काय लिहायचो आणि काय गाळायचो, ते जाऊ दे.

प्रेक्षकांच्या हातात गुण दिले की सगळं सुरळीत होईल असं वाटेल, तर तेही नाही. 'द लास्ट ऑफ अस' ह्या खेळाचा दुसरा भाग जून २०२० मध्ये आला. पुरा करायला वीस-पंचवीस तास लागणारा खेळ. आणि आल्यापासून काही तासांतच हजारो लोकांनी शून्याचे शेरे मारून टाकले! पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकनं नियम केला, की खेळ आल्यावर छत्तीस तास लोकांना गुण देता येणार नाहीत. पोस्टर बघून नाटकाला शिव्या घालणारे आमच्याकडेही होते, पण ते निदान तिकिटाचे पैसे वाचवायचे. ह्या सगळ्याला कंटाळून युरोगेमरनं २०१५ साली गुण देणंच बंद केलं. २०२३ मध्ये पुन्हा तारे आणले. लोकांना आकडा लागतोच. मलाही लागतो, खोटं का बोलू? दिवाळी अंकाचं परीक्षण आलं की मी आधी शेवटचं वाक्य वाचतो.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "तुमच्या खेळाचे शेरे तरी दाखव." त्यानं संगणक पुढ्यात ठेवला. बरेचसे इंग्रजीत, काही कुठल्या कुठल्या भाषांतले. एकानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'भाळ छलो ऐति'. ते वाचून पोरगं इतका वेळ कोमेजलेलं खुदकन हसलं. "धारवाडकडचा दिसतोय कुणीतरी!" तो अंगठा अर्थातच वर होता.

मग एक लांबलचक शेरा लागला. अंगठा खाली. लिहिणाऱ्याचं म्हणणं, मारामारी फार रटाळ आहे, दुसऱ्या भागात तेच तेच करावं लागतं आणि शेवट गडबडीत गुंडाळलाय. नातू मान हलवत म्हणाला, "खरं आहे ते." पण पुढे त्या माणसानं लिहिलं होतं, की वाड्याच्या प्रसंगात तो नुसताच वीस मिनिटं उभा राहिला, कारण माजघरातून पडवीत आलं की पावसाचा आवाज बदलतो. आत कौलांवर पडणारा जाड, दबका आवाज आणि बाहेर पत्र्यावरचा ताशा. इतकं कान देऊन ऐकलेलं घर त्यानं दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलं नव्हतं.

तो पाऊस आमच्या घरचा. गेल्या वर्षी जुलैत नातू आठ दिवस इथे होता तेव्हा त्यानं रात्री पडवीत यंत्र मांडून ठेवलं होतं. टीव्ही बंद, पंखा बंद, मला खोकायलासुद्धा बंदी. मी त्याच्यावर वैतागलो होतो.

"हा माणूस शहाणा आहे," मी म्हटलं.

"आहे की. पण त्याचा अंगठा खाली आहे, आजोबा. त्याच्यामुळेच आम्ही एकोणसत्तर."

त्याखालचा शेरा नुसता एका शब्दाचा होता, 'मस्त', अंगठा वर. दोघांचं वजन सारखंच. आणि तेव्हा मला प्रत्येक शेऱ्यावरची एक बारीक ओळ दिसली. हा माणूस किती वेळ खेळला, ते तिथे तासांत छापलेलं असतं. पावसाचं लिहिणारा चौदा तास खेळला होता. 'मस्त'वाला चोवीस मिनिटं.

"हे सगळ्यांच्या नावावर छापतात?"

"सगळ्यांच्या. लपवता येत नाही."

मी संगणक मिटला. नातवाला वाटलं डोळे दुखले.

१९८९ च्या डिसेंबरातली गोष्ट. एकांकिका स्पर्धा, एका दिवसात अकरा प्रयोग, मी तिघांतला एक परीक्षक. शेवटचा प्रयोग खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या संघाचा. बसवणारे तिथल्या शाळेतले मास्तर. दहावा प्रयोग संपला तेव्हा माझी पाठ मोडून आली होती. मागच्या दारानं बाहेर पडलो आणि टपरीवर चहा घेतला. तिथे कुणी ओळखीचा भेटला, बोलणं निघालं. कसलं, ते आज आठवतही नाही. घंटा ऐकू आली होती. परत येऊन खुर्चीत बसलो तेव्हा चाळीस मिनिटांच्या एकांकिकेतली दहा-बारा मिनिटं उलटली होती. अंधारात कुणी पाहिलं नाही. मी शंभरातले एकसष्ट दिले. बाकीच्या दोघांनी सत्तरच्या वर दिले होते. पहिल्या दोन संघांना पुढच्या फेरीला जायला मिळायचं. मास्तरांचा संघ तीन गुणांनी तिसरा आला.

बक्षीस समारंभानंतर मास्तर माझ्याकडे आले. हातात वही आणि पेन्सिल. म्हणाले, "सर, रागानं विचारत नाही. काय कमी पडलं तेवढं सांगा, लिहून घेतो." मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, "सुरुवात पकड घेत नाही." मास्तरांनी ते माझ्यासमोर लिहून घेतलं.

दोन वर्षांनी एका गावच्या यात्रेत तीच एकांकिका परत बघण्यात आली. मास्तरांनी सुरुवात कापून टाकली होती. पडदा उघडला तो मी पहिल्यांदा ज्या वाक्याला आत शिरलो होतो, जवळजवळ त्याच वाक्यावर. पुढे त्यांनी फार काही बसवल्याचं कानावर आलं नाही. ते माझ्यामुळे, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. बदल्या झाल्या, मुलींची लग्नं झाली. पण ती सुरुवात मी पाहिलेली नाही, आणि पस्तीसएक वर्षं हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

अनंत चतुर्दशीनंतर नातू पुण्याला गेला. त्याच आठवड्यात मी खानापूरची बस धरली. पंचवीसएक किलोमीटरचा रस्ता, पण पाऊस होता, वेळ लागला. मास्तरांनी पंचाऐंशी ओलांडली आहे. ऐकायला कमी येतं, डोळे चांगले. मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. निदान तसं ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात नातवाच्या खेळापासून सुरुवात केली आणि टपरीपर्यंत यायला अर्धा तास लागला.

मास्तर म्हणाले, "मला ठाऊक होतं की."

"म्हणजे?"

"टपरीवाला आमच्याच गावचा. त्यानं त्याच रात्री सांगितलं."

मला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळानं विचारलं, "मग सुरुवात कापलीत कशाला, मास्तर?"

"अहो, सुरुवातीला दोघी जात्यावर दळतात आणि ओवी म्हणतात. मी लिहिलेली ओवी होती. ती बाहेर टपरीपर्यंत ऐकू जाते का, ते मी दुपारीच स्वतः तिथे उभं राहून बघितलं होतं. जात होती. तरी तुम्ही उठला नाहीत. म्हणजे पकड घेत नव्हतीच ना?" हे ते हसत म्हणाले. मला हसता आलं नाही. ओवी मला खरोखरच ऐकू आली होती का, ते मी परतीच्या बसमध्ये आठवून पाहिलं. काहीतरी कानावर पडत होतं, एवढंच.

त्यांनी सुनेला सांगून ट्रंकेतली वही काढवली. मी म्हटलं, वाचून दाखवा. "आता आवाज नाही," म्हणाले. "घेऊन जा. घाई नाही. पण वाचलीत तर लिहून कळवा. गुण नकोत."

सुरुवातीची सहा पानं आहेत, बारीक अक्षरात, पेन्सिलीच्या तिरक्या रेघेनं काटलेली. रेघेखालचं सगळं वाचता येतं. दोनदा वाचलं. पत्राचा मायना लिहून ठेवलाय; पुढे अजून सरकलेलं नाही, कारण हातात गुणांचा कागद नसला की काय लिहायचं ते मला कळत नाही, असं दिसतंय.

काल रात्री नातवाचा फोन आला.

"आजोबा, अडुसष्ट."

"आणि तो चौदा तासवाला?"

"त्याला मी उत्तर लिहिलं. ती कौलं कुठली, म्हणून विचारत होता तो."

"मग?"

"लिहिलं, बेळगावची."